गुरुवारचं माहेर

"गावात एकटीनं पाय टाकायचा नाही, ऑलिंडा. आणि गावानं बोलावलं तर नाही म्हणायचं नाही."

ऑलिंडाला गावकाम शिकवणाऱ्या थोरल्या सिस्टर पेत्रा ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगायच्या, जणू ती एकच गोष्ट आहे. सांगताना त्यांचे हात कशात तरी गुंतलेले असायचे, बँडेज गुंडाळण्यात नाहीतर मटार सोलण्यात. त्या देवाघरी गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण सिस्टर ऑलिंडाच्या कानात तो आवाज अजून तसाच होता, किंचित घोगरा, हुकमाचा आणि तरी मायेचा. इतक्या वर्षांत त्या दोन वाक्यांचं आपसात कधी वाजलं नव्हतं. यंदा वाजलं.

ऑलिंडा मूळची वसईकडची. नर्सिंग शिकून, व्रतं घेऊन ती वऱ्हाडात आली आणि इथलीच होऊन गेली. अकोल्यात शाळेच्या मागं सिस्टरांचं छोटंसं घर होतं, चौघींचं. दोघी शाळेत शिकवायच्या. ऑलिंडा आणि सिस्टर क्लारा यांच्याकडे गावं होती. त्यातलं चिंचखेड तेल्हाऱ्याच्या पुढं, कपाशीच्या वावरांत बसलेलं. त्याचा वार गुरुवार. सकाळची मिस्सा, म्हणजे रोजची उपासना, झाली की दोघी एसटीनं निघायच्या, समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल मांडायच्या, कुणाचं बीपी बघायच्या, कुणाची जखम धुवायच्या, पोटुशी सुनांना दवाखान्यात नाव घालायला लावायच्या. गावात एकही ख्रिस्ती घर नव्हतं. मग तिथं मिशनचं काय काम, असं नवीन आलेली एखादी सिस्टर विचारायचीच. त्यावर पेत्रा म्हणायच्या, "आधी पाय बघ कुठं दुखतोय तो. पाय कुणाचा ते मागाहून बघू."

आणि पाय होता सत्यभामाबाईंचा. गावचे माजी सरपंच रामराव, त्यांची ही आई. साखरेचा आजार, त्यात तळपायाला जखम झालेली, काही केल्या भरेना. मोठ्या दवाखान्यात अंगठा काढायची गोष्ट निघाली तेव्हा म्हातारीनं घर डोक्यावर घेतलं. शेवटी ऑलिंडानं तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आजी, डॉक्टरांची औषधं चुकवायची नाहीत. आणि ही जखम भरेपर्यंत दर गुरुवारी मी येणार. माझा शब्द."

म्हातारी म्हणाली, "पाय तं माया हाये पोरी, पन आता तुह्या हवाली."

जखम भरत आली होती. जूनमध्ये क्लाराची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून. बदलीचा फोन अमरावतीहून आला, सिस्टर जसिंतांचा. त्या प्रोव्हिन्शियल, म्हणजे या भागातल्या त्यांच्या संस्थेच्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख. मूळच्या मंगळूरच्या, पण मराठी असं बोलायच्या की जणू आत्ताच इस्त्री करून आणलंय.

"क्लाराच्या जागी कुणी मिळेपर्यंत गावं बंद ठेव," त्या म्हणाल्या. "एकटीनं जायचं नाही. हा नियम आहे, माहीत आहे ना?"

"हो, सिस्टर."

"काही अडचण?"

ऑलिंडाच्या ओठांवर सत्यभामाबाईंचा पाय आला होता. पण नवशिकी असल्यापासून एक गोष्ट अंगात मुरलेली, वरून आज्ञा आली की ती आधी घ्यायची, तिच्याशी भाव करायचा नाही. "नाही, सिस्टर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रामरावांना तिनं एवढंच कळवलं, की सध्या येता येणार नाही. का, ते सांगितलं नाही. घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हीही तिथलीच शिकवण. ती निमूट राहिली आणि गावाला मात्र डोकं चालवायला मोकळं रान मिळालं.

गुरुवार अगदीच सुना जाऊ नये म्हणून त्या वारी रामरावांची बायको वच्छला व्हिडिओ कॉल लावायची. आधी घराचे पत्रे दिसायचे, मग दावणीची शेळी, मग वच्छलाचं नाक, आणि सगळ्यांत शेवटी सासूचा पाय. तेवढ्यावर ऑलिंडा सांगायची, कसं पुसा, कसं बांधा. जखम वाढत नव्हती, पण भरतही नव्हती. "आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडे जा ना आजी, चांगली आहे ती," असं तिनं सांगून पाहिलं. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "चांगली हाये वं. जातो बी मी. पन तिनं मले शब्द कोठी देल्ला?"

पोळा गेला, दिवाळी गेली. रोज सकाळी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घेतल्यावर ऑलिंडा आपली व्रतं मनातल्या मनात पुन्हा घ्यायची. ही तिची जुनी सवय. गरिबीचं, ब्रह्मचर्याचं, आज्ञापालनाचं. जन्मभराचं एकदम उचलवत नाही, तेव्हा देवा, आजच्यापुरतं घेते, असं म्हणायची. हल्ली तिसऱ्या व्रताशी आली की ती जरा थांबायची. रुसून नव्हे, एखादी घागर नेहमीपेक्षा जड लागते तेव्हा बाई चुंबळ नीट करते, तेवढंच.

डिसेंबरच्या सुरुवातीला वार्षिक रिट्रीटसाठी ती अमरावतीच्या मोठ्या घरी गेली. रिट्रीट म्हणजे आठवडाभर मौन. प्रार्थना, बायबलचं वाचन, बागेत फेऱ्या, आणि जेवणाच्या टेबलावर भाजी हवी असली तरी बोटानं दाखवायची. ऑलिंडाला हे दिवस आवडायचे. कुणी काही विचारत नाही याचंही एक सुख असतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती चॅपलमध्ये, तिथल्या प्रार्थनाघरात, बसली असताना खांद्यावर हात पडला. सिस्टर जसिंता. त्यांनी खुणेनं बोलावलं आणि चालता चालता हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुला भेटायला कुणी आलंय. बिशपस्वामींचा फोन होता, म्हणाले, तुमचे सोयरे पाठवतोय, ऐकून घ्या त्यांचं. मला काही उलगडा होत नाही. तू मौन मोडू नकोस, नुसती बस."

पाहुण्यांच्या खोलीत रामराव आणि वच्छला बसले होते. रामरावांची टोपी कडक धुतलेली, वच्छलाच्या अंगावर ठेवणीतलं काठाचं लुगडं, मध्ये एक भरलेली पिशवी, तिच्यातून नारळाची शेंडी डोकावत होती. ऑलिंडाला बघताच वच्छला उठली, तिच्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "वाळली वं माय पोरगी!"

ऑलिंडानं हात जोडले, हसली, आणि खाली बघत खुर्चीवर बसली.

"काहून वं, बोलत काहून नाई?"

"सिस्टर मौनात आहे," जसिंता म्हणाल्या. "बोलणार नाही."

रामरावांनी बायकोकडं पाहिलं. "पाह्य. मी काय मनलं व्हतं? बोलू बी देत नाईत तिले."

"तसं नाही काका. ते व्रत आहे तिचं. आठवडाभराचं."

"व्रत असन तं मंग ठीक हाये," रामराव जरा सैल झाले. "मायी आई बी चतुर्थीले मौन धरते. पन ते हातानं खुना करू करू आमाले दिवसभर पळवते."

ऑलिंडानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"बरं, काम काय काढलंत?" जसिंतांनी विचारलं.

रामराव खुर्चीत पुढं सरकले, टोपी नीट केली. लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "बाई, आमी मुराळी आलो. लेक न्याले."

"मुराळी?"

"आता तुमच्याकडं काय मनतात ते मले मालूम नाई. आमच्याकडं सासरहून पोरगी माहेरी आनाले मानूस जाते, तो मुराळी. पोळ्याले हे आली नाई, दिवाळीले आली नाई. फोन केला तं मनते, येता येनार नाई. काहून, तं मुकी. माया आईनं वळखलं. मने, सासरी अडकलेली पोर अशीच बोलत असते. तुमी नुसते फोन करून राहिले, फोननं कोन माहेरी आनते? मुराळी धाडा लागते. गावानं मंग आमालेच धाडलं."

जसिंतांच्या भुवया हळूहळू वर चढत होत्या. "म्हणजे हे घर तिचं सासर?"

"मंग? अन् तुमी सासू. सासऱ्याले तं आमी आधीच भेटून आलो."

"कोण सासरे?"

"तिकडं, बिशपच्या बंगल्यात. लय भला मानूस! चाय पाजला, चिवडा देल्ला, सबन आयकून घेतलं. मंग मनले, रामराव, सिस्टरांच्या घरात मी शब्द टाकू शकतो, हुकूम नाई करू शकत. म्या मनलं, बराबर हाये साहेब, आमच्या इथी बी सासऱ्याचं तेवढंच चालते."

मग जसिंतांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ऑलिंडानं चमकून वर पाहिलं. प्रोव्हिन्शियलबाई हसत होत्या. त्यांना हसताना घरातल्या फार थोड्या सिस्टरांनी पाहिलं असेल.

ते हसू बघून वच्छलाला हुरूप आला. तिनं पिशवी उघडली. नारळ, तांदूळ, आणि एक घडी घातलेली साडी. "ओटी भराची हाये तिची. दुकानदार मले मने, ओटीले पांढरं लुगडं कोन घेते काकू? म्या मनलं, आमची लेक पांढरंच नेसते, तुले काय करा लागते? तरी निळा काठ पाहून घेतला. निसतं पांढरं माया हातून उचलल्याच जात नव्हतं बाप्पा." मग तिनं एक खण आणि दुसरा नारळ काढून जसिंतांपुढं धरला. "अन् हे इहीनबाईले. मानाचं."

सिस्टरनं ओटी घ्यावी का, चालतं का, हे ऑलिंडाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायलाही तोंड नव्हतं. तिनं जसिंतांकडं पाहिलं. जसिंतांनी खण हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाल्या, "पदर पुढं कर, सिस्टर. माहेरचं आहे."

ओटी भरून झाली. वच्छलानं डोळे टिपले. जसिंता समोरच्या खुर्चीत बसल्या आणि खण मांडीवर ठेवून बोलू लागल्या. आवाजातली इस्त्री थोडी मोडली होती.

"काका, मी सासू नाही. पण अडवलंय मीच, हे खरं आहे. कारण सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात एका सिस्टरला मी एकटीला पाठवलं होतं. तुमच्यासारखंच गाव, अशीच कामं. एके दिवशी बाहेरून काही माणसं आली, तिला घेरलं. कुणाला बाटवायला आलीस, कुणी पाठवलं, पैसे किती मिळतात. गावातली माणसं मध्ये पडली, पण संध्याकाळपर्यंत ती पोलीस चौकीत होती. मी आणायला गेले तेव्हा पिशवी पोटाशी धरून बाकावर बसली होती. तिला कुणी बोट लावलं नव्हतं. पण त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही. दोघी असत्या तर निदान एकमेकींकडं बघता आलं असतं. नियम जुनाच होता, मोडला होता तो मी. पुन्हा मोडायचा नाही, हे तेव्हा ठरवलं."

रामराव म्हणाले, "आमच्या गावात असं नाई होनार बाई. तिनं आमच्या इथी कोनाचा देव बदलला नाई. माया मायचे पाय धुतले, बस."

"त्या गावानंही मला असंच सांगितलं होतं, काका."

आता वच्छला पुढं सरकली. ती सावकाश, शब्द जुळवत बोलली. "बाई, तुमचं भ्याव खरं हाये. पोरीले एकटी धाडू नोका, आमी बी मनत नाई. पन दुसरी भेटली नाई मनून पहिलीले बी घरात बसवून ठेवलं, हे कोनतं? नेम तुमचा हाये, तं सोबत बी तुमीच द्या लागते ना? अन् हिनं माया सासूले शब्द देल्ला हाये. जखम भरेपावतर येईन मने. म्हातारी दर बेस्तरवारी पाय धुऊन बसते."

"शब्द?" जसिंता ऑलिंडाकडं वळल्या. "कसला शब्द? मला सांगितलं नाहीस. बोल आता, मी मोकळीक देते."

इतक्या दिवसांत कितीतरी वेळा ऑलिंडानं हे बोलणं मनात जुळवलं होतं. चॅपलमध्ये, एसटीत, भांडी घासताना. मोठंमोठं, मुद्देसूद. आता वेळ आली तर त्यातलं काहीच हाताशी लागेना. ती हळूच म्हणाली, "अडचण आहे का विचारलंत, सिस्टर, तेव्हा नाही म्हणाले. आज्ञा झाल्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं वाटलं."

"आणि शब्द?"

"तो देवाला सांगितला होता. रोज."

जसिंतांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. हिशेब चुकलाय हे कळतं पण कुठल्या ओळीत ते सापडत नाही, तसं. मग म्हणाल्या, "ऐकायचं शिकवलं आम्ही तुम्हाला. अडलं तर सांगायचं, ते शिकवायचं राहून गेलं. सांगितलं असतंस तर त्याच दिवशी मी काहीतरी केलं असतं, असंही नाही म्हणत. कदाचित नसतंही केलं. पण मला माहीत तरी असतं."

"आता काय मंग?" रामराव म्हणाले. "मुराळ्यानं रिकाम्या हातानं परत जायचं, तं गाव मले येशीत घेनार नाई."

"रिकामे नाही जायचं. मौन संपू दे. येत्या गुरुवारी सिस्टर येईल. जोडीनं येईल."

"कोनाच्या जोडीनं?"

"ते माझ्याकडं लागलं. हा माझा शब्द."

वच्छला पिशवीची घडी घालत हसली. "सासूचा शब्द हाये बरं. इसरू नोका, इहीनबाई."

त्या दोघांना चहा-पोहे झाले. ऑलिंडा पुन्हा चॅपलमध्ये जाऊन बसली, पण त्या दुपारी प्रार्थनेपेक्षा हसूच जास्त येत होतं. तिनं तेच देवापुढं ठेवलं.

रिट्रीट आटोपून ती अकोल्याला परतली. सोमवार गेला, मंगळवार गेला. अमरावतीहून जोडीदारणीसाठी फोन फिरताहेत, एवढं कानावर येत होतं. एका सिस्टरच्या शाळेत परीक्षा होत्या, एकीचे गुडघे धरले होते, एक यायला तयार होती पण नाताळानंतर. शाळेतल्या दोघी हळहळल्या. "पुन्हा राहणार गं तुझं," एक म्हणाली. ऑलिंडा पिशवीत गॉज आणि पट्ट्या भरत होती. "बघू," ती म्हणाली. तिला काळजी वाटत नव्हती याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. आपण एकटीनं वाहत होतो ते ओझं आता वर कुणाला तरी ठाऊक आहे, एवढ्यानंच ते अर्धं झालं होतं.

बुधवारी दिवेलागणीला फाटकाशी ऑटो थांबली आणि सिस्टर जसिंता उतरल्या. खांद्याला एक छोटी पिशवी. घरात एकच धांदल उडाली. प्रोव्हिन्शियल न कळवता आल्या म्हणजे तपासणी! एक सिस्टर पडदे सारखे करायला धावली, दुसरी रजिस्टरं काढायला.

"काही काढू नका," जसिंता म्हणाल्या. "जेवायला काय आहे ते वाढा. ऑलिंडा, तेल्हाऱ्याची पहिली गाडी मिळते ना आपल्याला?"

ऑलिंडाच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुम्ही येणार, सिस्टर?"

"जानेवारीत यवतमाळहून एक येतेय तुझ्याकडं, कायमची. तोपर्यंतचे गुरुवार माझे. दुसरं कुणी मिळालं नाही, आणि शब्द तर मी दिलाय." मग थोडं ओशाळून म्हणाल्या, "पण आधीच सांगून ठेवते. मी जन्मभर इतिहास शिकवला. रक्त बघितलं की मला घेरी येते."

"मग तिथं तुम्ही काय करणार?" शाळेतल्या सिस्टरच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं जीभ चावली.

"बाजूला बसेन. नियमात बाजूला बसणारीच तर लागते." त्यांनी भाकरी मोडली. "आजींचं नाव काय म्हणालीस? नीट सांग. मला त्यांना नावानं हाक मारायची आहे."

"सत्यभामाबाई."

"सत्यभामाबाई," जसिंतांनी एकदा म्हणून पाहिलं, मग पुन्हा एकदा, वऱ्हाडातल्या माणसाला पटेल अशा बेतानं.

सकाळी थंडी चांगलीच होती. मिस्सा झाली, कम्युनियन झालं. ऑलिंडा गुडघ्यांवर होती. तिसऱ्या व्रताशी आज ती थांबली नाही, सहज पुढं गेली. तेवढ्यात शेजारची जागा रिकामी झाल्याचं तिला जाणवलं. चॅपलचं दार आवाज न करता उघडलं आणि मिटलं. तिनं खिडकीतून पाहिलं.

सिस्टर जसिंता फाटकाबाहेर पोचल्या होत्या. पायात कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट, कानांभोवती शाल, पट्ट्यांची पिशवी त्यांच्याच खांद्याला. रस्त्यावर अजून फारशी जाग नव्हती. त्यांनी लांबून येणारी ऑटो हात करून थांबवली, आत वाकून हळूच विचारलं, "एसटी स्टँड येणार का, भाऊ? दोघी आहोत," आणि आधी स्वतः आत बसून शेजारची जागा हातानं पुसून ठेवली.